घुमट बसलाय कशावर?

खाली दालन चौकोनी, वर घुमट गोल. मग चार कोपरे गेले कुठे? विजापूरच्या गोल घुमटात मान वर करून उभी होते तेव्हा डोक्यात एवढंच चाललं होतं. बाकीची मंडळी आवाज घुमवण्यात दंग. कुणी हाक मारली की वरून तीच हाक पुन्हा पुन्हा यायची. त्या गलक्यात विचार करणं अवघडच.

शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते, त्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ मध्ये वारला. मधल्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली त्याची आणि घरच्यांची थडगी आहेत, शिवाय रंभा नावाच्या नर्तकीचंही. मी भक्तिभावानं पाहत होते, तेवढ्यात गाइड म्हणाला, ''असली कबर नीचे है.'' वरची नुसती खूण, माणसं तळघरात. मग एवढी इमारत नेमकी कशावर उभारली, खुणेवर? पण कबरी सगळ्या उत्तर-दक्षिण का, ते लगेच उमगलं. मृताचं तोंड मक्केकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला ठेवायचं असतं. मशीदही पश्चिमेलाच आहे. आता कुठल्याही दर्ग्यात मला दिशा विचारावी लागणार नाही.

कोपऱ्यांचं कोडं मात्र सुटेना. मामा बरोबर होते, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तिकिटाच्या मागे एक चौकोन काढला, त्यावर दुसरा तिरका ठेवला. आठ टोकांची चांदणी झाली. ''आता वर बघ, कमानी मोज.'' मोजल्या. आठ कमानी भिंतींपासून उठून एकमेकींना छेदत, पुढे झुकत वर गेल्या होत्या. कमानींमधल्या जागा बांधकामानं भरल्या होत्या. चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल असा होत गेला होता. कोपरे कुठे गेले नव्हते, कमानींनी ते पोटात घेतले होते.

इतकं समजल्याच्या आनंदात मी मनोऱ्यातला जिना चढले. मनोरे सात मजली आहेत आणि पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहणाऱ्या. वर घुमटाच्या आतल्या सज्जात आले आणि पुन्हा गोंधळले. खालून दिसणारा गोल साधारण ९७ फुटांचा, आणि घुमट आतून सुमारे १२४ फुटांचा. म्हणजे झाकण भांड्याच्या तोंडापेक्षा मोठं! घुमट त्या गोलाच्या काठावर नाहीच, बराच मागे सरकून बसलाय. मधे उरलेल्या कडेवर आपण उभे असतो, आणि तोच तो प्रसिद्ध सज्जा. भिंतीशी कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला ऐकू येतं म्हणून लोक इथे येतात. मामांना मात्र त्या कडेचंच कौतुक. घुमट खालच्या कडेशी बाहेर पसरू पाहतो, भिंतींना रेटतो. पुढे झुकलेल्या कमानींचं वजन उलट आत ओढतं. दोन्ही रेटे एकमेकांना जिरवतात, म्हणून मधे एकही खांब लागत नाही. मला अर्धं कळलं. पण अर्ध्यानंच मी खूश होते. कुजबुजीची गंमत मला त्यापुढे पोरकट वाटली.

संध्याकाळी इब्राहिम रौजा पाहिला. हा मुहम्मदच्या बापाचा, दुसऱ्या इब्राहिमचा. इथे आकारमान कमी आणि नाजूकपणा भरपूर. खिडक्यांवरची जाळी म्हणजे चक्क अरबी अक्षरं कोरून केलेली, उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. मला गोल घुमटापेक्षा हेच अधिक आवडलं.

मग सहज वर पाहिलं. कबरीच्या खोलीचं छत मधे सपाट, दगडी. मधे खांब नाही, तुळई नाही, कमानही दिसत नाही.

''मामा, आणि हे?''

मामा बराच वेळ वर पाहत राहिले. ''चुना,'' ते म्हणाले. ''चुना फार चांगला असणार.''