बोअर युद्धाचं पदक

दिसायला मोठं ऐटबाज पदक. ३६ मिलिमीटरची गोल चकती. एका बाजूला डोक्यावरून पदर घ्यावा तशी ओढणी घेतलेली वृद्ध व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला हाती निशाण घेतलेली, चालून जाणाऱ्या फौजेपुढे विजयाची माळ धरणारी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं स्त्रीरूप. फितीच्या कडा तांबड्या, मग निळे पट्टे, मधोमध रुंद नारिंगी. दक्षिण आफ्रिकेत बोअरांशी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांशी, चाललेलं युद्ध वर्षभरात आटपेल अशी ब्रिटिश सरकारला इतकी खात्री, की पहिल्या काही पदकांवर १८९९–१९०० ही सालं पाडूनही झाली. बोअर शेतकरी १९०२ पर्यंत लढत राहिले आणि सालं काढून टाकावी लागली. काही पदकांवर भिंग धरलं तर त्या आकड्यांच्या पुसट खुणा अजून दिसतात.

या पदकात पंक्तिभेदही होता. सैनिकाला ते चांदीचं मिळे. फौजेबरोबर गेलेल्या, पण सैनिक म्हणून भरती न झालेल्या हिंदी माणसांना तेच चित्र काशात पाडून दिलं जाई. गोळ्या मात्र दोघांनाही सारख्याच लागत होत्या.

हे युद्धपदक मिळालेल्यांत दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे एक वकील होते, मोहनदास करमचंद गांधी. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा नुकतेच तिशीत आलेले. त्यांची सहानुभूती बोअरांकडे होती. पण साम्राज्याचे प्रजाजन म्हणून आपण हक्क मागतो, तर त्याच्या संकटात घरी बसून कसं चालेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक उभारलं. सुमारे ११०० माणसं, त्यांतली बहुतेक गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधून आणलेले मजूर. मिशनमधल्या डॉक्टर बूथ यांनी त्यांना जखमींची देखभाल शिकवली. बूथ पथकाचे प्रमुख, गांधी त्यांचे सहायक.

गोळीबाराच्या टप्प्यात जायचं नाही, असं आधी ठरलं होतं. पण जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कोपच्या टेकडीवर इंग्रजांची दाणादाण उडाली, तेव्हा जनरल बुलर यांच्याकडून निरोप आला: सक्ती नाही, पण आलात तर उपकार होतील. सगळे गेले. खांद्यावर स्ट्रेचर, त्यावर विव्हळणारा माणूस, आणि दिवसाला वीस-पंचवीस मैलांची चाल. घायाळ जनरल वुडगेट यांनाही याच पथकानं उचलून आणलं. पथक सहाएक आठवड्यांनी विसर्जित झालं आणि त्याच्या म्होरक्यांना हे पदक मिळालं.

गांधींचं दुसरं पदक १९०६ चं, नाताळ वसाहतीतल्या झुलू लोकांच्या बंडाच्या वेळचं. आता गांधी सार्जंट मेजर, हाताखाली जेमतेम दोन डझन माणसं. या खेपेला शुश्रूषा करायची होती ती मुख्यतः झुलूंची, आणि त्यांतले बरेच लढाईत जखमी झालेलेच नव्हते. संशयावरून पकडून फटके मारलेली माणसं होती ती. गोरे शुश्रूषक त्यांना हात लावायला तयार नव्हते, जखमा चिघळत होत्या. त्या जखमा धुणाऱ्या गांधींचं मन आतून हललं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९१५ मध्ये या दोन पदकांत कैसर-इ-हिंद सुवर्णपदकाची भर पडली.

१ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून गांधींनी ही तिन्ही पदकं परत केली. कारण पंजाबातले अत्याचार आणि खिलाफतीच्या, म्हणजे तुर्की खलिफाच्या, प्रश्नावर झालेला विश्वासघात. पत्राच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकलं, की परत करताना जिवाला लागतं आहे. मला हा माणूस इथे फार मोठा वाटतो. तुच्छतेनं भिरकावून देणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही, कारण त्या पदकांमागे चाललेले मैल खरे होते.

गांधींनी इंग्रजांच्या युद्धात सेवा केली, हे आजही कुणी आरोप म्हणून ऐकवतं, तर कुणी अवघडून टाळतं. दोघांनाही माझी विनंती आहे: ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या त्यांच्या पुस्तकात बोअर युद्धावर एक प्रकरण आहे. मत बनवण्याआधी तेवढं वाचा.