शिडीचा घाट

कडावला सूर्य जरा उशिरा दिसतो. पूर्वेला सह्याद्री आडवा पडला आहे, तो चढून यायला सूर्यालाही वेळ लागतो, असं आजी म्हणायची. आमचं गाव ओळखलं जातं बाल दिगंबर गणपतीमुळे. आजीचा ओढा मात्र डोंगरावरच्या भीमाशंकराकडे. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ती शेजारणींबरोबर कशेळ्यावरून खांडस गाठायची आणि गणेश घाटानं वर चढायची. पायात वहाण नाही, फडक्यात भाकरी-चटणी. अवघड असतं का गं, असं विचारलं की म्हणायची, "वाट आहे की!" त्यापलीकडे तिला त्या डोंगराबद्दल सांगण्यासारखं काही वाटत नसे.

खांडसहून वर जायला दोन वाटा. गणेश घाट लांबचा, वळणं घेत पदरगडाच्या पायथ्याशी जाणारा. शिडी घाट सरळ कड्यावर घालतो. कॉलेजात असताना आम्ही मित्र अर्थातच शिडीनं निघालो. माझ्या पायात क्रिकेटचे बूट होते आणि डोंगराचा अनुभव म्हणजे गावामागची टेकडी.

पहिल्या शिडीपर्यंत मी फार बोलत होतो. लोखंडी शिडी, कड्याला टेकवलेली, पाय ठेवला की किंचित हलणारी. पण खरी परीक्षा शिडीवर नव्हतीच. ती संपते तिथं आडवं सरकावं लागतं, आणि खडक हजारो हातांनी धरून गुळगुळीत झालेला. तिथं माझे पाय थरथरायला लागले. थांबवू म्हटलं तर थांबेनात. घशाला कोरड पडली, आणि एवढ्या भीतीतही पाठीवरच्या पिशवीचा बंद खांद्याला काचतोय एवढंच डोक्यात येत होतं. मागून एक म्हातारेबुवा आले, अनवाणी, खांद्यावर गाठोडं. वर विकायला काही नेत असावेत. "खाली नको बघू. दगडाकडं बघ," म्हणाले. "एका वेळी एकच सोडायचं, हात नायतर पाय." मी सरकलो. ते मात्र, घरात या खोलीतून त्या खोलीत जावं तसे, माझ्या पुढं निघून गेले.

वर पदरावर आलं की सपाटी लागते, आणि दोन्ही वाटा एकत्र येतात. हा डोंगर असा टप्प्याटप्प्यानं का चढावा लागतो, ते पुढे वाचनात आलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कठीण थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून सपाट्या उरल्या. म्हणजे मी ज्या कड्यावर थरथरत होतो तो एक थर, आणि ज्या चहाच्या झोपडीत फुशारक्या मारल्या ती दोन थरांमधली फट! पुढचा चढ दाट जंगलातला, शेकरूच्या राज्यातला. दम काढतो, पण घाबरवत नाही.

देवळात पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली त्या विजयाची खूण. मला मात्र त्या दिवशी घंटेपेक्षा नागफणीच्या टोकाचं अप्रूप वाटलं. तिथून कोकण पायाखाली पसरतं. कडाव शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही, तरी मित्रांना बोट दाखवून दिलं.

पुढे नोकरीमुळे मुंबई, आणि सुट्टीला पेठचा कोथळीगड, राजमाची, इर्शाळगड. कोथळीगडाच्या सुळक्यात आतून कोरलेल्या पायऱ्या चढताना कधीच भीती वाटली नाही. दोन्ही बाजूंना दगड असला की माणूस धीट होतो. शिडी घाटाच्या त्या आडव्या टप्प्यावर मात्र पोटात दरवेळी गोळा यायचा, आजही येतो. अनुभवानं भीती जाते असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाला जाताना त्याच वाडीत पाणी मागितलं होतं, ओट्यावर बसून भाकरी खाल्ली होती. आम्ही सुट्टीपुरतं डोंगराशी खेळून घरी परत जायचो. त्यांचं घरच तिथं होतं. बातमी ऐकल्यावर कितीतरी महिने मला डोंगराचा फोटो पाहवत नसे.

हल्ली पावसाळ्यात कडाववरून गाड्यांची रांग लागते. धबधब्याच्या दिवसांत शिडी घाटात चिंब खडकावर रांगेत उभी असलेली पोरं पाहिली की राग येतो. आजी आषाढात कधी घाटाकडे फिरकली नाही. तेव्हा भाताची लावणी असायची, आणि देव काय, माघात भेटतोच.

यंदा पुतणीला शिडीनं चढायचंय. माघात चल म्हटलं, खांडसचा एखादा माहितगार बरोबर घेऊ. ती त्याच्याबरोबर शिडीनं जाईल, मी गणेश घाटानं. गुडघे आता तेवढंच म्हणतात. पदरावरच्या झोपडीत जो आधी पोचेल त्यानं दुसऱ्याचाही चहा सांगायचा, असं ठरलंय. पैसे मात्र मीच द्यायचे, हे तिनं परस्पर ठरवून टाकलंय.