भिंतीतली घरघर

उत्तरेच्या उन्हाळ्यात रात्र व्हायची तेवढी राहून जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या शेटलंड बेटांवरची माणसं त्या अर्धवट उजेडाला ‘सिमर डिम’ म्हणतात. मध्यरात्र झालेली, आकाशाच्या उत्तर कडेला फिकट जांभळट उजेड अजून रेंगाळलेला, आणि अशा वेळी मूसा बेटावरच्या जुन्या ब्रॉखच्या भिंतीला कान लावून उभं राहावं. दगडांच्या आतून आवाज येतो. खोल, संथ घरघर, मध्येच एक उचकी, पुन्हा घरघर.

आजोळी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या माजघरातून जात्याची अशीच घरघर यायची. दळणारी दिसायची नाही. पण घरात कुणीतरी जागं आहे, एवढ्या भरवशावर पुन्हा डोळा लागायचा. तो भरवसा इतक्या उत्तरेला, एका निर्मनुष्य बेटावर भेटावा!

ब्रॉख म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना गोल बुरूज. चुना नाही, नुसता दगडावर दगड; तरी हा सुमारे १३ मीटर उंच. भिंत दुहेरी, आणि तिच्या पोटातून वर चढत गेलेला जिना. तिथल्या फटीफटींत स्टॉर्म पेट्रेलची घरटी; ती घरघर त्यांचीच. जेमतेम २५ ग्रॅमचं हे काळं पाखरू उजेडात जमिनीवर आलं, तर कुरव आणि स्कुआ पक्षी त्याचा घास करतील. म्हणून एकुलत्या अंड्यासाठी पाळ्या लावलेल्या : एक आत बसून, एक दूर लाटांवर, आणि उजेड पुरता मंदावल्यावरच घरी परतणं.

या भिंतींनी माणसांनाही पोटात घेतलं. नॉर्वेतून पळालेलं एक जोडपं जहाज फुटल्यावर इथं हिवाळाभर राहिलं, असं जुन्या ‘सागा’ कथांत आहे. पुढे ११५३ साली एर्लेंड नावाचा एक जण हॅराल्ड या अर्ल पदवीच्या सरदाराच्या आईला, मार्गारेटला, घेऊन इथं शिरला. मुलानं वेढा घातला, बुरूज काही हाती येईना, अखेर त्यांच्या लग्नाला होकार द्यावा लागला.

शरदात पेट्रेल थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघून जातात. हिवाळाभर बुरुजात एकटा वारा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाखरं परततात, पुष्कळदा आपल्याच फटीत.

दगड रचणाऱ्याला यातलं काय ठाऊक असणार? त्यानं भिंत मजबूत बांधली आणि आत थोडी पोकळी राखली. पुढची वस्ती आपापली येत राहिली.