धांड्याची गाडी आणि शनिवारचा तास

सुट्टीत पुण्याहून आलेल्या एका मित्राच्या मुलाकडं परवा प्लास्टिकच्या मोटारीचा किट पाहिला. चौकटीतून भाग मोडून काढायचे, नंबराप्रमाणं जोडायचे, डिंकानं चिकटवायचे. पोरगं तल्लीन झालं होतं. चांगलंच आहे. पण मला आठवला तो आपल्या राणीसावरगावचा फुकटातला किट.

१९८८-९० च्या आसपासचं सांगतोय. ज्वारी निघाली की धांडे गोळा करायचे. दातानं साल सोलायची (ती ब्लेडसारखी कापते, ओठ फाटायचे), आतलं भेंड वेगळं काढायचं. भेंडाचे तुकडे म्हणजे लाकूड आणि सालीच्या बारीक काड्या म्हणजे खिळे. साल वाकवून चाकाचा गोल करायचा, मधे भेंडाचा तुंबा, त्यातून आरे. एक रुपया खर्च न होता बैलगाडी उभी राहायची.

जरा मोठं झालं की तारेची गाडी. जुन्या स्लिपरवर डबीचं झाकण ठेवून चाकं कापायची, सायकलच्या स्पोकचा आस, आणि उभ्यानं चालवता यावी म्हणून छातीपर्यंत येणारं तारेचं स्टेअरिंग. आमच्या गल्लीत सगळ्यांना एसटीच करायची असायची. मग भांडणं! टपावर चढायची शिडी मागच्या कुठल्या बाजूला? पुढच्या काचेत दांडी एक का दोन? यावर पैजा लागायच्या आणि निकालासाठी सगळे स्टँडवर पळायचे. गंगाखेडची गाडी आली की पोरं तिच्याभोवती गोल फिरून बघायची. कंडक्टर ओरडायचा, "अय लेकरांनो, मरता का चाकाखाली!"

आज त्या वयाच्या लेकराला विचारा, ट्रॅक्टरचं पुढचं चाक वळतं कसं? गाडीच्या शंभर रीळ पाहिलेल्या असतील, पण खाली वाकून पाहिलेलं नसतं. दोष लेकरांचा नाही. खरिपातली हायब्रीड ज्वारी गेली, तिथं सोयाबीन आलं. टाळकी अजून आहे, पण कडबा सरळ कुट्टी मशीनमधे जातो. सोयाबीनच्या काडाची गाडी होत नाही. आणि शाळेत कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असायचा, प्रत्यक्षात त्यात गणिताचा उरलेला धडा व्हायचा.

अरविंद गुप्ता हे नाव शिक्षकमित्रांना माहीत असेलच. आयआयटीतून शिकलेला माणूस, पुण्यात टेल्कोत ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर. १९७८ मधे रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले. तिथं त्यांनी सायकलची वॉल्व्हट्यूब आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार बनवले. पुढं आयुकात बसून कचऱ्यातून शेकडो खेळणी केली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे आम्ही उकिरड्यावर जे उद्योग करत होतो त्याला शिक्षण म्हणतात, हे मला पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर कळलं. घरचे तर त्याला नसते धंदे म्हणायचे.

आता सरकारनंच २०२४ पासून शाळांना 'आनंददायी शनिवार' दिलाय. कागद चांगला आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्याचं काय होतं, ते आपण सगळे व्हॉट्सॲपवर बघतोच. एक फोटो, एक बॅनर, संपला शनिवार.

म्हणून मुख्याध्यापक सरांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना जाहीर विनंती. टाळकी निघाली की एका शनिवारी चार पेंढ्या कडबा शाळेत आणू. कडबा मी देतो. गावातले सुतारमामा आणि सत्तरीतली दोन-तीन बाबा मंडळी मी गाठून आणतो, त्यांच्या बोटांना अजून सगळं येतं. पण ती आहेत तोवरच. बॅनर नको, पाहुणे नको, भाषण तर अजिबात नको. चिंध्या आणि हळद मात्र ठेवा, बोटं कापणारच.

तारेचं स्टेअरिंग खालच्या आसाला कसं अडकवायचं, हे नीट आठवणारं कुणी असेल तर कमेंटमधे सांगा. आमच्या गल्लीत दोन पद्धती होत्या, मला एकच आठवते.