शेवटची रचना माजोर्ड्याची असू द्या

प्रिय सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया,



मुंबईतल्या जमशेद भाभा थिएटरात तुमचं वादन सुरू होण्याआधीचा एक क्षण मला फार आवडतो. ओबो एकच स्वर धरून ठेवतो आणि सगळी वाद्यं त्याला मिळवून घेतात. मैफलीत तंबोरे जुळतानाच कान टवकारणाऱ्या आम्हा लोकांना तिथे परकं वाटत नाही.

एकाच संध्याकाळी तुम्ही निरनिराळ्या काळांतल्या रचना वाजवता, तेव्हा नुसता मंच पाहूनही इतिहास कळतो. विवाल्डीला तंतुवाद्यं आणि एक हार्प्सिकॉर्ड बहुतेकदा पुरतं. हायडनचे वादक सरदाराच्या पदरी नोकरीला. 1772 साली त्यांची घरी जायची रजा लांबली, तेव्हा त्याने ‘फेअरवेल’ सिम्फनी लिहिली. शेवटी एकेक वादक उठून जातो, दोनच व्हायोलिनं उरतात. रजेचा अर्ज इतक्या हळुवारपणे कुणी केला नसेल! मग 1808 मध्ये बेथोव्हनची पाचवी येते. तिच्यात ट्रॉम्बोनवाले तीन भाग गप्प बसून असतात आणि चौथ्या भागात एकदम उजाडतं. मी ऐकताना त्या गप्प बसलेल्यांकडेच पाहत राहतो.

कारण या शहरातही असे वादक होऊन गेले. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत आले, हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत आयुष्यभर वाजवत राहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव गुंफलं. त्या गाण्यावर सगळा देश नाचला, पण 1958 मध्ये याच माणसाने मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांना सिम्फनीत बसवलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे?

खुशरू सनटूक आणि मरात बिसेनगालियेव यांनी 2006 मध्ये तुम्हाला घडवलं. पाश्चात्त्य संगीताचे वेगवेगळे कालखंड तुम्ही मनापासून वाजवता. म्हणून हक्काने मागतो. पुढच्या हंगामात एक संध्याकाळ विवाल्डीपासून सुरू करा, हायडन आणि बेथोव्हन घ्या, आणि शेवटी गोन्साल्विस यांचा सारंग रागातला कॉन्चेर्टो वाजवा. पहिल्या रांगेतली एक खुर्ची प्यारेलाल यांच्यासाठी राखून ठेवा.

आपला,
एक नेहमीचा श्रोता