लेडीज खिडकी

"मामू, तुमच्याकडे त्या बँकेचं क्रेडिट कार्ड आहे का?"

८ सप्टेंबर २०२४, रविवारची सकाळ. मुंब्र्याहून भाच्याचा फोन होता. सलाम झाला आणि लगेच हा प्रश्न. माझ्या काळजात चर्र झालं. आपाची तब्येत बिघडली असेल, हॉस्पिटलात पैसे भरायचे असतील, असं काहीबाही डोक्यात येऊन गेलं. तो म्हणाला, "नाही हो मामू, घरी सगळी खैरियत आहे. दिलजीतचा शो आहे, पुण्यात."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. दिलजीत दोसांझचा देशभराचा दौरा जाहीर झाला होता. पुण्याचा कार्यक्रम २४ नोव्हेंबरला, कोथरूडला. सर्वांसाठी तिकीटविक्री गुरुवारी, १२ तारखेला. पण एका खासगी बँकेचं एक ठरावीक कार्ड ज्यांच्या खिशात आहे, त्यांना दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी बारापासून तिकिटं घेता येणार होती. याला प्रीसेल म्हणतात. "गुरुवारी काही उरणार नाही मामू. जे आहे ते मंगळवारीच."

माझं पगाराचं खातं त्याच बँकेत आहे. कार्ड घ्या म्हणून फोन करणाऱ्या त्यांच्या मुलींना मी दोन वर्षं टाळत आलो होतो. त्या रविवारी स्वतः होऊन अर्ज केला. आधार, पॅन, एक सेल्फी. समोरचा चहा निवायच्या आत मंजुरीचा मेसेज आला. भाच्याला कळवलं तर तो क्षणभर गप्प राहिला. मग हसत म्हणाला, "दहा मिनिटांत? मला दोनदा नाही म्हणाले."

भाचा सव्वीस वर्षांचा आहे. बी.कॉम. झालाय, ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघतो. पगार बँकेत जमा होतो, रिटर्न वेळेवर भरतो, कुणाचं एका पैशाचं देणं नाही. कदाचित हेच त्याला नडलं असेल. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्याचा क्रेडिट स्कोअर तयार होत नाही, आणि स्कोअर नाही म्हणून कार्ड मिळत नाही. पण त्याच्या दोस्तांना विचाराल तर ते एकच शब्द सांगतात: पिनकोड. नकाराच्या मेसेजमध्ये कारण लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत खरं काय होतं यावर मी पैज लावणार नाही. एवढं मात्र खरं की ही शंका हवेतून आलेली नाही. काही बँका 'निगेटिव्ह' भौगोलिक विभाग ठरवतात आणि तिथल्या लोकांना कर्ज किंवा इतर सोयी सहजासहजी मिळत नाहीत, ही नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातच आहे.

मी कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझा पत्ता म्हणजे कॉलेजचा पत्ता.

तोवर मला वाटायचं, तिकिटाची रांग म्हणजे रांग. जो आधी आला तो आधी. पण जरा आठवून पाहिलं तर आमच्या लहानपणीची रांगही तितकी सरळ नव्हती, आणि त्याचा फायदा आम्ही घेतलेला आहे.

मिरजेत 'कुली' लागला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आपा सोळाची. चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभसाठी १९८२ मध्ये आख्ख्या मोहल्ल्याने दुआ मागितली होती. तो बरा झाला, आणि पडद्यावर आला तो इक्बाल नावाचा हमाल होऊन, दंडावर ७८६ चा बिल्ला लावून. आता सांगा, घरात कोण बसणार? पुरुषांची रांग लोखंडी जाळीच्या बोळातून जायची. आत शिरलेला माणूस घामाने निथळून, शर्टाची दोन बटणं गमावून बाहेर यायचा. हवालदार अधूनमधून जाळीवर काठी आपटायचा. बायकांसाठी मात्र बाजूला वेगळी खिडकी होती, आणि तिथे फार तर वीस-पंचवीसजणी. एकीला चार तिकिटं.

त्यामुळे ज्याला बहीण, त्याला तिकीट. अब्बांची परवानगी काढायला दोन दिवस गेले. शेवटी शेजारच्या खालांच्या सोबतीने आपा त्या खिडकीवर उभी राहिली. रांगेबाहेर पोरं घिरट्या घालत होती, "बाजी, दोन तिकिटं आमची पण घ्या ना." आपाने चार तिकिटं घेतली. एक तिचं, एक माझं, एक तिच्या मैत्रिणीचं. चौथ्यासाठी ब्लॅकवाला तिथेच पाच रुपये घेऊन उभा होता. 'दो का पाच, दो का पाच' करणारा तो माणूस आमच्या ओळखीचा. एरवी मशिदीसमोर पंक्चर काढायचा. अब्बा त्याला येता-जाता चार शब्द सुनवायचे आणि तो मान खाली घालून ऐकायचा. आपाने त्याच्याकडे न बघता ते तिकीट जाळीजवळ रडवेल्या तोंडाने उभ्या असलेल्या एका पोराला खिडकीच्या भावाने दिलं. मला त्या वेळी तिचा राग आला होता. तीन रुपयांत किती भजी आली असती!

त्या आपाचा मुलगा आता माझ्याकडे कार्ड मागत होता.

मंगळवारी गणपतीचे दिवस, वर्गात निम्मी मुलं गैरहजर. पावणेबाराचा तास लवकर सोडला आणि स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसलो. भाचा फोनवर. "रिफ्रेश करू नका मामू. मागे जाऊ नका. फक्त बघत रहा." बारा वाजले, गोल फिरत राहिला, आणि अचानक पान उघडलं. स्वस्तातली तिकिटं दीड हजाराच्या आसपासची होती, तीच आम्ही ठरवली होती. त्यांच्यावर आधीच संपल्याची खूण. पुढचा वर्ग कितीतरी महाग. मी आकडा वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग, "घ्या मामू, दोन घ्या. मी देतो." मागे मित्राचा आवाज आला, "पुढच्या महिन्यात काय खाशील?"

कार्डाचा नंबर टाकला. हे पान कार्डाचे सुरुवातीचे आकडे तपासून ओळखतं की हा माणूस आपल्या रांगेतला आहे की नाही. मी रांगेतला निघालो. आता ओटीपी. आणि तेव्हा आठवलं की बँकेत नोंदवलेला नंबर जुना आहे, ते सिम घरच्या फोनमध्ये. दुसऱ्या फोनवरून बायकोला लावला. तिने चष्मा शोधला. मेसेज उघडला. आणि मोठ्याने वाचायला लागली, "हा क्रमांक कुणालाही सांगू नका..." मी म्हटलं, "अगं, आकडे सांग!" ती म्हणाली, "पण सांगू नका असंच लिहिलंय. तुम्हीच बोलताय कशावरून?" गेल्याच महिन्यात मी तिला ऑनलाइन फसवणुकीवर तासभर व्याख्यान दिलं होतं. तिची काही चूक नाही. आकडे मिळाले तोवर पानाची वेळ संपली होती. परत आत गेलो तर तेही तिकीट नव्हतं.

भाचा मला काही बोलला नाही. उलट मलाच समजावत राहिला, "गुरुवार आहे ना मामू." गुरुवारी त्याने ऑफिसातून दोन फोनवर प्रयत्न केला. काही मिनिटांत सगळं आटोपलं. त्याच आठवड्यात बातमी आली की दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने या विक्रीबद्दल नोटीस पाठवली आहे. तिचं म्हणणं होतं, विक्री एक वाजता सुरू होणार असं जाहीर करून १२ वाजून ५९ मिनिटांनीच सुरू केली. एका मिनिटावरून नोटीस? मंगळवारपूर्वी मीही हसलो असतो.

दहा दिवसांनी, २२ सप्टेंबरच्या रविवारी, कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री झाली आणि आमचं दुःख फारच किरकोळ ठरलं. सोमवारी माझ्या एका विद्यार्थिनीने स्क्रीनशॉट दाखवला. रांगेत तिच्यापुढे काही लाख माणसं होती. तिकीट विकणाऱ्या कंपनीने नंतर सांगितलं, त्या दिवशी १ कोटी ३० लाख लोक आले होते. डी. वाय. पाटील स्टेडियमवर एका वेळी फार तर पन्नासेक हजार माणसं. विक्री चालू असतानाच तिसरा दिवस वाढवला, तरी तीन दिवसांचे मिळून दीडेक लाख. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं त्याच संध्याकाळी दुसऱ्या साइटवर लाखाच्या भाषेत बोलू लागली.

ती मुलगी सकाळी नऊपासून बसली होती. तिला वाटलं होतं, आधी बसलं की नंबर आधी लागेल. अशा बहुतेक व्यवस्थांमध्ये तसं नसतं. विक्रीच्या वेळेआधी जे येतात त्या सगळ्यांना एका प्रतीक्षागृहात ठेवतात आणि ठोका पडला की सोडत काढल्यासारखे नंबर वाटतात. नऊला आलेली आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना आलेला, दोघं सारखेच. यामागे कारण आहे, नाहीतर सगळे एकदम आदळतील आणि यंत्रणा कोलमडेल. मग सरळ सोडत म्हणा ना. तीन तास पोरीला रांगेत उभी असल्यासारखं का भासवायचं?

पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना बोलावलं. ऑक्टोबरात ईडीने पाच शहरांत छापे घातले. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जानेवारी २०२५ मध्ये निकालात निघाली. हा धोरणाचा विषय आहे, तो सरकारने आणि कायदेमंडळाने बघावा, असं न्यायालयाने सांगितलं. अमेरिकेत हे सगळं दोन वर्षं आधी झालं होतं. टेलर स्विफ्टच्या दौऱ्यासाठी ३५ लाख लोकांनी आगाऊ नाव नोंदवून आपण खरे चाहते असल्याची खातरजमा करून घेतली. १५ नोव्हेंबर २०२२ ला प्रीसेलमध्येच यंत्रणेने मान टाकली आणि सर्वांसाठीची विक्री रद्दच करावी लागली. दोन महिन्यांनी सिनेटमध्ये सुनावणी झाली. तिकिटं खेचणाऱ्या बॉट्सविरुद्ध त्यांच्याकडे २०१६ पासून कायदा आहे. तरी हे.

जागा कमी आणि माणसं जास्त, तर बहुतेकांना घरी बसावं लागणार, हे मला कळतं. मिरजेतही कळायचं. पण तिथे थिएटर डोळ्यांसमोर होतं. किती खुर्च्या, किती माणसं आत गेली, हाऊसफुल्लचा बोर्ड कधी लागला, सगळं दिसायचं. बायकांची रांग वेगळी आहे हेही सगळ्यांना दिसायचं आणि का आहे हेही माहीत होतं. इथे मंगळवारी कार्डवाल्यांना किती तिकिटं दिली, प्रायोजकांना किती गेली, गुरुवारी सर्वांसाठी किती उरली होती, हे आकडे कुणी सांगितले नाहीत. निदान विक्रीच्या आधी तेवढे तीन आकडे छापा. गुरुवारच्या माणसाला कळू दे की तो शंभर तिकिटांसाठी भांडतोय की दहा हजार. मग त्याने ऑफिसात साहेबाच्या शिव्या खायच्या की नाही हे तो ठरवेल.

एका बाबतीत मी अजून स्वतःशी भांडतोय. मंगळवारी ओटीपी वेळेवर आला असता तर मी हे काही लिहिलं नसतं. भाच्याला तिकिटं दिली असती, आपाकडून दुआ घेतली असती आणि कार्डाची ही व्यवस्था चांगली आहे असंच मला वाटलं असतं.

तिकिटं दुप्पट-तिप्पट भावाने मिळत होती. मी म्हटलं, फरकाचे पैसे मी घालतो. भाचा नको म्हणाला. "खोटं निघालं तर, मामू? आणि खरं निघालं तरी त्या माणसाला कशाला द्यायचे?" आईवर गेलाय.

२४ नोव्हेंबरला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, तो तरीही पुण्याला आला. सोबत आपाही आली, भावाकडे राहायला म्हणून. शहरात त्या दिवशी गाण्यापेक्षा जास्त चर्चा कार्यक्रमातली दारूविक्रीची परवानगी रद्द झाल्याची होती. संध्याकाळी भाचा मित्राला घेऊन कोथरूडकडे गेला. रस्त्यावर जितकं ऐकू आलं तितकं ऐकलं, पोलिसांनी हटवलं की थोडं पुढे जाऊन उभे राहिले. अकराच्या सुमारास परतला तेव्हा आवाज बसला होता. म्हणजे बाहेर उभा राहूनही गायला होता.

आपाने त्याला गरम बिर्याणी वाढली. मी ओटीपीची गोष्ट तिला पहिल्यांदाच सविस्तर सांगितली, बायकोने तिची बाजू मांडली. आपा हसून हसून पदराने डोळे पुसत होती. मग म्हणाली, "तुमच्या त्या मोबाइलमध्ये लेडीज खिडकी नाही का रे?"

भाचा घास तोंडात ठेवून म्हणाला, "असती तर अम्मी, तुलाच उभी केली असती."

"मग चार घेतली असती," आपा म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक बोटी टाकली.