'माहीत नाही'चा रंग

आमच्या घराण्यात माझ्या नोकरीबद्दल दोन मतप्रवाह आहेत. घोडेगावकडच्या मंडळींच्या मते मी "टॉवरमधे" होतो, आणि पुण्याच्या आत्याच्या मते "कंप्युटरमधे". त्यामुळे घोडेगावात गेलं की "अरे, आमच्याकडे रेंज का येत नाही?" आणि पुण्यात "जरा प्रिंटर बघतोस का?" हे दोन प्रश्न ठरलेले. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. त्या सॉफ्टवेअरचं नावच मुळी मिडलवेअर! मधलं. ना इकडचं ना तिकडचं. आज त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मावशी, तू वाचत असशील तर पहिले दोन परिच्छेद जरा धीर धर, पुढे तुझा मुलगा येणार आहे :)

तर २००३ साली मी या कामात पडलो तेव्हा मोबाईल कंपन्यांची अवस्था भाड्याच्या भांड्यांसारखी होती. टॉवरखालचं यंत्र (त्याला बीटीएस म्हणतात) एका कंपनीचं, मधली एक्स्चेंज दुसऱ्या कंपनीची, शेजारच्या जिल्ह्यात सगळंच तिसऱ्या कंपनीचं. प्रत्येक विक्रेता यंत्राबरोबर ते सांभाळायचं स्वतःचं सॉफ्टवेअरही विकायचा. रात्रपाळीला बसलेल्या माणसासमोर मग पाच-सहा पडदे, पाच-सहा पासवर्ड, आणि एकाच बिघाडाची पाच-सहा नावं. हे सगळं एकाच पडद्यावर आणायचं, हे आमचं काम.

त्यासाठी जे वापरायचो त्याचं नाव कोर्बा. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप नावाचं एक मंडळ १९८९ साली स्थापन झालं आणि १९९१ मधे त्यांनी याची पहिली आवृत्ती काढली. कल्पना अशी की दूरच्या यंत्रातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक ऑब्जेक्ट समजायचं. तुमचा प्रोग्रॅम पुण्यात असो, ते ऑब्जेक्ट नाशकात असो, एक जावात लिहिलेलं असो नि दुसरं सी प्लस प्लसमधे, तुम्ही हाक मारायची आणि मधल्याने ती पोचवून उत्तर आणून द्यायचं. फक्त एक अट. कोण काय विचारू शकतं आणि काय उत्तर मिळेल, हे आधी एका ठरलेल्या भाषेत लिहून ठेवायचं. या भाषेला आयडीएल म्हणतात.

लग्नाच्या बोलणीत याद लिहितात ना, तसंच हे! कार्यालय कोणाचं, वऱ्हाडाची गाडी कोणाकडे, मानपान किती, सगळं दोन्हीकडच्या चार माणसांसमोर कागदावर. घरात तुम्ही चुलीवर रांधता की गॅसवर, याच्याशी यादीला घेणं नाही. मोबाईलच्या जगातली याद थ्रीजीपीपी या संस्थेने लिहिली होती. खालच्या विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं आणि वरचं आमचं सॉफ्टवेअर यांच्यामधल्या बोलण्याला 'इंटरफेस-एन' असं नाव होतं, आणि त्यातला अलार्मचा भाग कोर्बामधे कसा बोलायचा याचा वेगळा दस्तऐवजच होता. अलार्म किती गंभीर हे सांगायला सहा शब्द. ते आधीच १९९२ च्या एक्स.७३३ या प्रमाणकात ठरले होते: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग, क्लिअर्ड, आणि सहावा इनडिटर्मिनेट. म्हणजे 'सांगता येत नाही'. या सहाव्याकडे लक्ष असू द्या.

आता, ज्यांनी लग्नं जमवली आहेत त्यांना ठाऊक असेल की यादीत "विहिणीला मानाचं पातळ" एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं पातळ, ते लिहिलेलं नसतं. आणि भांडण तिथेच होतं!

आमचंही तिथेच झालं. तो काळ लोडशेडिंगचा. आंबेगाव-जुन्नरच्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि "मेन्स फेल" असा अलार्म येतो. एका विक्रेत्याचं यंत्र हा अलार्म क्रिटिकल म्हणून पाठवायचं, दुसऱ्याचं वॉर्निंग म्हणून. तिसऱ्याची तऱ्हा तर औरच. ते नुसतं "एक्स्टर्नल अलार्म ७" म्हणायचं. कारण बाहेरून आलेल्या तारा ज्या पट्टीवर जोडतात त्यावर नुसते आकडे. ज्याने तारा जोडल्या त्या माणसाच्या मनात ७ म्हणजे वीज. पलीकडच्या टॉवरवर दुसऱ्याने जोडल्या, तिथे ७ म्हणजे दार उघडं. कोर्बाच्या दृष्टीने तिन्ही निरोप बिनचूक. व्याकरण शुद्ध, शिक्का बरोबर, वेळेत पोच. अर्थ मात्र ज्याचा त्याचा.

आणि त्या अर्थावर कोणाची तरी रात्र अवलंबून असायची. माझा एक मावसभाऊ तेव्हा टॉवरांच्या देखभालीवर होता. घोडेगावहून डिंभे, पुढे तळेघर आणि भीमाशंकरकडचा पट्टा त्याच्याकडे. पुण्यातल्या पडद्यावर लाल आलं की त्याचा फोन वाजायचा. जुलैमधे त्या रस्त्याने कोणी गेलं असेल तर सांगायला नको. धुकं असं की मोटरसायकलचा दिवा समोरच्या पावसावरच संपतो. एका रात्री डिझेलचा कॅन मागे बांधून तो वर पोचला तर तासापूर्वीच वीज आलेली, बॅटरी भरत आलेली, आणि टॉवर मजेत. क्लिअर्डचा निरोप त्या विक्रेत्याचं सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासाने गठ्ठ्याने पाठवायचं! यादीत "बरं झालं की कळवा" होतं, "लगेच कळवा" नव्हतं.

मग आम्ही विक्रेतावार, अलार्मवार तक्ते बनवले. कोणता अलार्म आमच्याकडे काय समजायचा याचे. हजारो ओळी. मिडलवेअरची पुस्तकं जाडजूड असतात, पण माझ्या मते खरं मिडलवेअर म्हणजे ते तक्ते, आणि ते भरण्यासाठी विक्रेत्यांच्या माणसांबरोबर प्यायलेला चहा. मेन्स फेल नुसता आला तर पिवळा, बॅटरीचा दाब उतरायला लागला तर लाल. इतकी साधी ओळ लिहायला तीन बैठका लागल्या. कारण लाल म्हणजे दंड कोणी भरायचा, हाही प्रश्न त्यात होता.

कोर्बात मला मनापासून आवडलेली गोष्ट वेगळीच. तुम्ही दूरच्या ऑब्जेक्टला काही करायला सांगितलं आणि मधेच तार तुटली, तर तुम्हाला जो अपवाद परत मिळतो त्यात एक खूण असते: काम झालं, झालं नाही, किंवा 'कम्प्लीटेड मेबी'. झालं असेल कदाचित! पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. पण विचार करा. "तळेघरचा सेल बंद कर" असा हुकूम गेला, पोच आली नाही. हुकूम वाटेत हरवला की पोच? पुण्यात बसून हे कळायला मार्गच नाही. १९९४ साली सन कंपनीच्या काही संशोधकांनी एक प्रसिद्ध टिपण लिहिलं होतं, की दूरचं ऑब्जेक्ट जवळच्यासारखं आहे असा आव आणू नका, कारण अर्धवट बिघाड ही चीज फक्त दूरच्याच्याच वाट्याला येते. कोर्बावर लोकांनी पुष्कळ टीका केली, त्यातली बरीचशी योग्यही आहे. अवजड होतं, किचकट होतं. पण "कदाचित" म्हणायची सोय त्यात होती, हे मी त्याच्या बाजूने कायम सांगतो.

वरच्या माणसांना ते चालत नाही. एका ग्राहकाकडे (नाव नको) भिंतभर मोठा पडदा लावायचा होता, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दिसेल असा. बैठकीत प्रश्न निघाला, की इनडिटर्मिनेटला आणि ज्याच्याकडून काही कळतच नाही त्याला रंग कोणता? आमचं म्हणणं राखाडी. त्यांचं म्हणणं, भिंतीवर राखाडी ठिपके बरे दिसत नाहीत. अलार्म नाही म्हणजे ठीक आहे, हिरवा करा. आम्ही लेखी हरकत दिली, ती फायलीला लागली. शेवटी भिंतीवर हिरवा आणि तंत्रज्ञांच्या यादीत राखाडी अशी तडजोड झाली. मावसभाऊ म्हणायचा की तो यादीत आधी राखाडीच बघायचा. लालवाल्यांबद्दल कोणी ना कोणी ओरडलेलंच असतं.

खरं तर या रोगावर थ्रीजीपीपीच्या यादीत उपाय होता. त्याचं नाव हार्टबीट. खालच्या सॉफ्टवेअरने ठरलेल्या वेळेला नुसतं "मी आहे" एवढं कळवत राहायचं. सांगण्यासारखं काही नसलं तरी. तो ठोका चुकला की समजायचं, आता शांतता म्हणजे शांतता नव्हे.

३० जुलै २०१४ ला सकाळी आमच्याच तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं. त्या घटनेशी आमच्या सॉफ्टवेअरचा काडीचा संबंध नव्हता, आणि कुठल्या टॉवरने काय सांगितलं असतं नि काय नसतं, असला हिशेब मी इथे मांडणार नाही. पण बाहेरच्या जगाला ते कळलं कसं, हे त्या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नेहमीची एसटी नेहमीच्या वेळेला गेली आणि ड्रायव्हरला गाव दिसलं नाही. गावातून कोणी ओरडून सांगितलं नव्हतं. ठरलेल्या वेळेला बघायला जाणारं कोणीतरी होतं, म्हणून कळलं. तेव्हापासून हार्टबीट हा शब्द मी नवीन मुलांना शिकवताना एसटीच्या फेरीचंच उदाहरण देतो. त्याहून नेमकं मला सापडलेलं नाही.

असो. आता कोर्बाचं काय झालं? मोबाईलच्या जगातून ते हळूहळू गेलं. ५जीच्या यादी वेबच्या पद्धतीने, रेस्ट आणि यांग वगैरे भाषांत लिहिल्या गेल्या. सप्टेंबर २०१८ मधे जावाच्या अकराव्या आवृत्तीतून कोर्बा काढूनच टाकलं. मला वाटलं, संपला विषय. आणि ते सापडलं कुठे? जुन्नर तालुक्यात, खोडदला!

खोडदची जीएमआरटी म्हणजे गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. नारायणगावकडे जाताना त्या पांढऱ्या तबकड्या पाहिल्या असतील. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी एकवटलेल्या, उरलेल्या १६ तीन भुजांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तीसही जणींनी एकाच वेळी एकाच दिशेला बघायचं, म्हणजे ही आमच्याच जातीची अडचण झाली की! यंत्रं लांब, प्रत्येकीत मोटारी, रिसीव्हर, संगणक, वेगवेगळ्या काळात बनलेले, आणि हुकूम एका खोलीतून. त्यांच्या नव्या देखरेख-नियंत्रण प्रणालीसाठी त्यांनी टँगो नावाची चौकट घेतली. टँगो जन्मली फ्रान्समधे, ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, आणि तिच्या पोटात अजूनही कोर्बा आहे. एसकेए नावाची जी आंतरराष्ट्रीय दुर्बीण दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहते आहे, तिनेही २०१५ मधे टँगोच निवडली. आणि त्या दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीचा आराखडा करणाऱ्या गटाचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे होतं, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्यांकडेच.

गंमत अशी की या दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे आम्ही टॉवरवाले. चंद्रावर एक मोबाईल ठेवला तर रेडिओ दुर्बिणींना तो आकाशातल्या सर्वात ठळक गोष्टींमधे दिसेल, इतके त्यांचे कान तिखट. जीएमआरटीच्या सुधारलेल्या रिसीव्हरांच्या खिडक्या ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ अशा आहेत (खाली आणखी दोन आहेत). जुने ९०० चे मोबाईल टॉवर बरोबर मधल्या फटीत बसतात. पण २०२२ च्या लिलावात ५जीसाठी ७०० चा पट्टा विकला गेला, तो थेट पहिल्या खिडकीत येतो. म्हणजे एका तालुक्यात "रेंज द्या" म्हणणारे माझे नातेवाईक, शेजारच्या तालुक्यात "गप्प बसा" म्हणणारी दुर्बीण, आणि दोघांच्याही यंत्रांना बोलतं करणारं पोटातलं सॉफ्टवेअर एकेकाळी एकच. यावर कोणाची बाजू घ्यावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रेंज नसलेल्या गावात आजारी माणूस घेऊन बसलेल्याला हायड्रोजनचे संदेश समजावून सांगायला माझी जीभ रेटत नाही. आणि तसल्या तीस तबकड्या पुन्हा दुसरीकडे कुठे उभ्या करणार, हेही आहेच.

टँगोची कागदपत्रं मी अलीकडेच चवीने वाचली. तिच्यात प्रत्येक उपकरणाने आपली अवस्था १४ ठरलेल्या शब्दांपैकी एका शब्दात सांगायची असते. ऑन, ऑफ, मूव्हिंग, स्टँडबाय, फॉल्ट, अलार्म असे. आणि त्यांच्याच पंगतीत, मानाने बसलेला चौदावा: अननोन. माहीत नाही. टँगोच्या नेहमीच्या पडद्यांवर त्याचा रंग राखाडी!

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला मोठं प्रदर्शन असतं. शाळाशाळांची पोरं येतात. येत्या वर्षी भाचीला घेऊन जायचा बेत आहे, मावसभाऊही येतो म्हणाला आहे. तिथल्या माणसाला आम्हा दोघांना एकच विचारायचं आहे. लांबच्या भुजेवरची एखादी अँटेना रात्री राखाडी झाली, तर बघायला कोण जातं, आणि पावसाळ्यात कशाने जातं?